मॉर्गनचा लाकडी सांगाडा : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

गाडी आली. ट्रेलरवर चासी आणि तिच्यावर खिळखिळी झालेली बॉडी, बाकी सगळं अकरा खोक्यांत. मॉर्गन ४/४, सिरीज ५, दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, साल १९६४. इंजिन मालकांनी दुसरीकडे उघडायला दिलंय, लाकूडकाम माझ्याकडे. डाव्या दाराला वर उचलून धरल्याशिवाय ते लागत नाही. दाराखालच्या आडव्या लाकडात पटाशी टोचली, तर बोटभर आत गेली. आतला भाग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालाय.

नोंदी मराठीत लिहायचं कारण अण्णा, माझे वडील. त्यांनी कराडला चाळीस वर्षं बैलगाड्या केल्या. गावागावात रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, आणि अण्णा दारं-खिडक्यांकडे वळले. परवा फोनवर सांगितलं, की लाकडी सांगाड्याची मोटार बनवणारा हा मॉर्गनचा कारखाना इथे इंग्लंडात माझ्या घरापासून आठ-दहा मैलांवर आहे आणि १९०९ पासून त्याचं काम चालू आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्या आळीत सात घरं गाड्या करायची, एक राहिलं नाही. हे कसे तगले, ते नीट बघून मला लिहून पाठव.”

तेव्हा काम आणि अण्णांचा प्रश्न, दोन्ही या एकाच वहीत.

२१ जानेवारी

पत्रा उतरवायला चार दिवस लागले. छोटे खिळे, काही ठिकाणी स्क्रू, आणि साठ वर्षांचा गंज. उतरवण्याआधी दाराच्या चौकटीला तात्पुरत्या आडव्या-तिरप्या पट्ट्या मारून घेतल्या. नाहीतर कुजलेलं लाकूड काढलं की राहिलेलंही आपली जागा सोडतं, आणि मग मूळ माप कुठलं हे सांगायला कोणी उरत नाही.

मॉर्गनची चासी लाकडाची असते असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते खरं नाही. चासी पोलादी, शिडीसारखी: दोन लांब बाजू आणि मध्ये आडव्या पट्ट्या. तिच्यावर लाकडाचा सांगाडा बोल्टनं बसतो, आणि सांगाड्यावर पत्रा. बैलगाडीत साटा आणि आख यांचं जे नातं, तसंच काहीसं.

लाकूड आहे ॲश. आपल्याकडे हे झाड नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. अण्णांसाठी खूण सांगायची तर क्रिकेटचे स्टंप इंग्लंडमध्ये याच लाकडाचे करतात. कुऱ्हाडीचे, हातोड्याचे दांडे याचेच. घाव सोसतं, वाकतं, पटकन तुटत नाही. इथल्या घोडागाड्यांच्या सांगाड्यातही हेच असायचं. आपल्या चाकाला बाभूळ, तसा यांच्या गाडीला ॲश. दोष एकच: ओल सहन होत नाही. पत्रा आणि लाकूड यांच्या फटीत पाणी शिरलं की आतल्या आत कुजत जातं. मॉर्गनच्या कारखान्यात सांगाडा औषधात बुडवून काढायला सुरुवात झाली १९८६ मध्ये. आपली गाडी त्याआधी बावीस वर्षांची, त्यामुळे हे लाकूड कोरंच आहे.

सीटच्या मागच्या आडव्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला आकडा सापडला. चासीचाच नंबर. पत्रा काढला तेव्हा साठ वर्षांनी त्यावर उजेड पडला. ती फळी शाबूत आहे. काहीही झालं तरी ती बदलायची नाही.

३ फेब्रुवारी

बाहेर बर्फ, शेडमध्ये तापमान चार. गोंदाचं काम शक्य नाही, म्हणून वाचन.

कारखाना काढणारे हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन, सगळीकडे एचएफएस म्हणून ओळखले जातात. जन्म १८८१, हेरफर्डशरमधलं एक खेडं. आजोबा पाद्री, वडील जॉर्ज मॉर्गन पाद्री, स्टोक लेसी नावाच्या गावचे. त्या काळात अशा घरातल्या मुलानं चर्चमध्ये जाणं ठरलेलंच. वडिलांनी हा मुलगा यंत्रांत रमतोय हे पाहिलं आणि त्याला स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात, ग्रेट वेस्टर्न रेल्वेत, उमेदवारीला पाठवलं. मला या माणसाबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल, फार आदर वाटायला लागलाय. पुढे मुलाच्या गाडीवर कोणी वर्तमानपत्रातून टीका केली की हे पाद्रीबुवा संपादकाला पत्र लिहून उत्तर द्यायचे. पैसाही त्यांनीच घातला. कंपनी १९१२ मध्ये नोंदवली गेली, तेव्हा अध्यक्ष वडील आणि व्यवस्थापकीय संचालक मुलगा.

तरुणपणी एचएफएसनी भाड्यानं एक बेंझ घेतली होती. ब्रॉमयार्ड-हेरफर्ड रस्त्याच्या उतारावर ती हाताबाहेर गेली, आणि दुरुस्तीचे २८ पौंड भरावे लागले. त्या काळी ही रक्कम मोठीच. मग पहिली स्वतःची गाडी घेतली ती ईगल टँडम, तीन चाकांची. तीन चाकांची गोडी तिथून लागली.

१९०५ मध्ये मॉल्व्हर्न लिंकला गॅरेज काढलं. वूल्झली आणि डराक गाड्यांची एजन्सी घेतली, गावात छोटी बससेवाही चालवली. आणि १९०९ मध्ये स्वतःसाठी एक गाडी केली. एकच माणूस बसेल अशी, तीन चाकं, पूजोचं दोन सिलिंडरचं इंजिन. त्यांच्या गॅरेजमध्ये सगळी हत्यारं नव्हती. मॉल्व्हर्न कॉलेजमध्ये यंत्रकाम शिकवणारे स्टीफन्सन-पीच यांनी शाळेची कार्यशाळा वापरू दिली. विकायचा विचार नव्हता. लोकांनी पाहिली आणि मागितली, म्हणून विकायला सुरुवात झाली.

इथे अण्णांसाठी एक आखणी काढून फोटो पाठवला. आपल्या रिक्षाला पुढे एक चाक, मागे दोन. मॉर्गनला पुढे दोन, मागे एक. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, आणि वळणावर झुकतं तेही पुढच्या कोपऱ्यावर. तिथे दोन चाकं असली तर गाडी कलंडत नाही. अण्णांनी लगेच उलट विचारलं, “मग मागचं एकटं चाक पंक्चर झालं तर?” त्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, पुढे लिहीन.

११ फेब्रुवारी

ॲशच्या फळ्या आणल्या. ओलाव्याचं यंत्र लावून पाहिलं: चार फळ्या १२ टक्क्यांच्या आसपास, एक १७. ती बाजूला ठेवली. दुकानदार सांगत होता, चांगला ॲश मिळणं कठीण होत चाललंय. २०१२ मध्ये या देशात ॲशच्या झाडांवर एक बुरशीचा रोग सापडला, तेव्हापासून रस्त्याकडेची झाडं शेंड्यापासून वाळताना दिसतात. माझ्या घरामागच्या गल्लीत तीन होती, आता एक आहे.

२४ फेब्रुवारी

आज पुढची चाकं. हे काम खरं तर माझं नाही, पण लाकडाचा सांगाडा सरळ बसायचा तर चासीचं तोंड सरळ हवं, म्हणून खोलून पाहिलं. आणि दुपारभर तिथेच बसून राहिलो.

रचना अशी: एक उभा जाड खिळा, किंगपिन, वरच्या आणि खालच्या आडव्या नळीत घट्ट बसवलेला. चाकाचा आस या खिळ्यावर वर-खाली सरकतो. वर मोठी स्प्रिंग, खाली छोटी. सुकाणू फिरवलं की आस त्याच खिळ्याभोवती वळतो. खड्डा सोसणं आणि वळणं, दोन्ही एकाच खिळ्यावर. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता लागत नाही. १९०९-१० मध्ये बहुतेक मोटारींना पुढे एकसंध आस आणि पाटे असायचे, तेव्हा या पोरानं ही युक्ती काढली. आणि तीच, थोड्याफार सुधारणांसह, पोलादी चासीच्या मॉर्गनमध्ये २०२० पर्यंत राहिली. एक कल्पना एकशे दहा वर्षं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी पायाजवळ एक बटण दिलं, ते दाबलं की इंजिनातलं तेल किंगपिनकडे जातं. आपल्या गाडीची ती नळी तुंबलीय. दोन्ही किंगपिन झिजलेत.

पेटंटबद्दल एक गोष्ट इथे सगळे सांगतात. पेटंट एजंटच्या कचेरीत ज्या तरुणानं मॉर्गनची आखणी काढली, त्याचं नाव जॉन ब्लॅक. हाच पुढे सर जॉन ब्लॅक, स्टँडर्ड मोटर कंपनीचा प्रमुख. हे नाव लक्षात ठेवा, अण्णा. परत येणार आहे.

नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनला ऑलिंपियाच्या प्रदर्शनात एका माणसाच्या दोन मॉर्गन मांडल्या. कौतुक झालं, मागणी थोडी. एकट्यानं कुठे जायचं? पुढच्या वर्षी दोघांची गाडी आणली आणि चित्र पालटलं. लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानानं एजन्सी घेतली आणि गाडी दुकानाच्या काचेत ठेवली. १९१३ मध्ये फ्रान्सला आमियाँच्या शर्यतीत मॅकमिनीज नावाच्या चालकानं मॉर्गन पहिली आणली. फ्रेंच मंडळी म्हणाली, ही मोटार नाही, ही साइडकारवाली मोटारसायकल. वाद झाला तो झाला, पण त्या विजयाच्या नावानं मॉर्गननं ‘ग्रां प्री’ नावाची गाडीच काढली. फ्रान्समध्ये पुढे डार्मों नावाच्या माणसानं परवान्यावर या गाड्या बनवल्या.

आणि अण्णांचा प्रश्न. १९२४ मध्ये इंग्लंडातल्या ब्रुकलंड्स या धावपट्टीवरच्या दोनशे मैलांच्या शर्यतीत वेअर नावाच्या चालकाच्या मॉर्गनचा मागचा टायर गेला. गाडी उलटली, तो आणि सोबती दोघं गंभीर जखमी झाले. त्यानंतर तिथे तीन चाकांना चार चाकांसोबत धावायला बंदी झाली. अण्णा, तुम्ही फोनवर एका वाक्यात विचारलंत ते हेच.

तरी गाडी विकली जात राहिली. कारण कर. १९२१ पासून इंग्लंडात मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड कर लागला, पण ठरावीक वजनाच्या आतल्या तीनचाकीला सरसकट चार पौंड. मोटारसायकलचा परवाना असलेला कामगार बायकोला शेजारी बसवून घेऊन जाईल अशी हीच गाडी.

९ मार्च

उजवीकडचं खालचं लाकूड पूर्ण कापून काढलं. मूळ तुकडा तीन भागांत बाहेर आला, त्यावरून माप घेता येईना. डावीकडच्याचं माप घेऊन उलटं आखलं, पण बसवताना नऊ मिलिमीटरचा फरक आला. पहिल्यांदा वाटलं माझी चूक. मग पुन्हा मोजलं, गुण्या लावला. गाडीच मुळात दोन्ही बाजूंना सारखी नाही. ज्यानं १९६४ मध्ये ती केली, त्यानं लाकूड चासीवर ठेवून, डोळ्यानं बघून, रंधा मारत बसवलंय. एका मॉर्गनचं दार दुसरीला बसत नाही हे ऐकून होतो. इथे डाव्या बाजूचं उजवीलाही बसत नाही.

इतिहासात मी १९३०च्या दशकापर्यंत आलोय. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली: छोटी, स्वस्त, चार चाकांची, वर टप असलेली. मॉर्गनला १९३१ पर्यंत उलटा गिअरसुद्धा नव्हता. मागे घ्यायची तर उतरून ढकलायची. फोर्डचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलेली तीनचाकी १९३३ मध्ये काढली, पण १९३५ मध्ये सरकारनं मोटारींचा कर दर अश्वशक्तीला पाऊण पौंडावर आणला आणि तीनचाकीचा मोठा आधार गेला. विक्री झपाट्यानं उतरली.

इथे आमच्या आळीची आठवण येते. रबरी टायर आले तेव्हा अण्णांनी एकदाच एक टायरची गाडी केली होती, ऊसवाल्यासाठी. चांगली झाली होती. पण आख आणि बेअरिंग कोल्हापूरहून आणावं लागायचं, आणि भांडवल नव्हतं.

एचएफएसकडे भांडवल होतं, आणि ते त्यांनी चांगल्या दिवसांत बाजूला ठेवलं होतं. १९३६ मध्ये त्यांनी चारचाकी आणली. नाव साधं: ४-४, चार चाकं, चार सिलिंडर. इंजिन कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं, ११२२ सीसी. पुढची चाकं तीच, सरकत्या खिळ्यावरची. सांगाडा ॲशचा. आपल्यापुढे ठेवलेल्या गाडीची आजी.

१६ मार्च

मागच्या चाकावरची कमान बिघडली. लिहून ठेवतो म्हणजे परत होणार नाही.

कमान ॲशच्या तीन पातळ पट्ट्यांची. साच्यात गोंद लावून, शिकंजे आवळून वाकवायची. मी साचा केला, सगळं आवळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. शेडमध्ये रात्री तापमान सहावर गेलं होतं. गोंद वरून कडक, आत ओला. शिकंजा काढताच कमान चार बोटं उघडली आणि मधली पट्टी सुटली. टाकून द्यावी लागली. आता साचाच घरात आणलाय, जेवणाच्या खोलीत. अठ्ठेचाळीस तास हात लावणार नाही.

६ एप्रिल

मॉल्व्हर्नला जाऊन आलो. पिकर्सली रोड. डोंगराच्या पायथ्याशी एकाला एक लागून लाल विटांच्या बैठ्या शेडी. मॉर्गन इथे पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला आले आणि इथेच राहिले. गाडी एका शेडीतून दुसरीत हातानं ढकलत नेतात. मी दोन जणांना नेताना पाहिलं, गप्पा मारत.

सुतारशाळेत थांबलो तो थांबलोच. कमानी करायचा साचा: जाड लाकडी ठोकळे, पाचर ठोकून आवळायचे. माझ्यापेक्षा पट्ट्या पातळ. तिथल्या एका कारागिराला मी माझी फुटलेली कमान सांगितली. त्यानं हसू न आणता विचारलं, “किती जाड कापल्या होत्या?” मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि एका पट्टीवर बोटानं जाडी दाखवली. एवढंच. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

भुशाचा वास कराडसारखा नाही. साग तेलकट, बाभूळ तुरट, ॲशचा वास फिका, ओल्या गवतासारखा. पण शेडीत शिरताना कानावर पडणारा आवाज तोच: रंध्याचा लांब ओढा, मग थांबणं, मग बोट फिरवून बघणं. व्हिडिओ काढायची परवानगी मिळाली तिथे काढला आणि अण्णांना पाठवला. त्यांचा निरोप आला: “तो निळ्या कपड्यातला मनुष्य डावखुरा आहे. रंधा छान धरतो.”

आता तिथल्या नव्या गाड्यांखाली जुनी पोलादी शिडी नाही. २०१९ पासून ॲल्युमिनियमची नवी चासी आली, आणि १९३६ पासूनची पोलादी चासी २०२० मध्ये थांबवली. ॲशचा सांगाडा मात्र चारचाकी गाड्यांत अजून आहे. २०२२ ची नवी तीनचाकी, सुपर ३, तिच्यात तोही नाही. ती मी जवळून पाहिली. सुंदर आहे. माझ्या हाताला तिच्यात काही काम नाही, याचं वाईट वाटलं.

२० एप्रिल

डावीकडची कमान साच्यातून काढली. पातळ पट्ट्या, चार. केसभर उघडली, तेवढीच.

अण्णांच्या प्रश्नाचं माझं उत्तर आज लिहितो. मला वाटतं, हे लोक तगले ते मुख्यतः तीन वेळा नाही म्हटल्यामुळे.

पहिली वेळ १९५०. स्टँडर्ड कंपनी मॉर्गनला इंजिनं पुरवत होती, त्यांच्या व्हॅन्गार्ड मोटारीचं दोन लिटरचं इंजिन बसवून मॉर्गनची प्लस ४ ही गाडी निघाली होती. स्टँडर्डचे सर जॉन ब्लॅक यांनी मॉर्गन विकत घ्यायची तयारी दाखवली. तेच ते, आखणी काढणारे. एचएफएस नको म्हणाले. ब्लॅकनी मग ट्रायम्फच्या नावानं स्वतःची स्पोर्ट्स गाडी काढली, टीआर२. आणि नाही ऐकूनही त्यांनी मॉर्गनला इंजिनं देणं थांबवलं नाही. टीआरचंच इंजिन पुढे प्लस ४ मध्ये बसायला लागलं. हे मला दोघांच्याही मोठेपणाचं वाटतं.

दुसरी वेळ १९६६. एचएफएस १९५९ मध्ये वारले होते, मुलगा पीटर कारखाना बघत होता. रोव्हरचे पीटर विल्क्स विचारायला आले. पीटर मॉर्गननी विकायला नकार दिला, पण बोलता बोलता रोव्हरच्या नव्या, हलक्या ॲल्युमिनियमच्या साडेतीन लिटर, आठ सिलिंडरच्या व्ही८ इंजिनाचा विषय निघाला. १९६८ मध्ये प्लस ८ बाहेर आली. जुनी चासी, थोडी रुंद-लांब केलेली, तोच लाकडी सांगाडा, आणि आत हे बलदंड इंजिन. ती २००४ पर्यंत चालली.

तिसरी वेळ १९९०. आयसीआय या मोठ्या रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वी-जोन्स बीबीसीच्या एका मालिकेसाठी कारखाना बघायला आले. त्यांना वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी दिसली आणि हातानं ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. त्यांचा सल्ला: उत्पादन वाढवा, पद्धत आधुनिक करा, किंमत वाढवा. पीटर आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी तो तसाच्या तसा मानला नाही. उत्पादन वाढवलं, पण अगदी सावकाश. कार्यक्रम दाखवल्यावर मागणी उलट वाढली. मला हार्वी-जोन्स चूक वाटत नाहीत. मोठ्या कारखान्याच्या माणसाला दिसावं तेच त्यांना दिसलं. पण यादीत एवढी माणसं असणं म्हणजे वाईट वर्षात हातात काम असणं, हे सुताराला कळतं. अण्णांकडे दिवाळीनंतर पुढच्या चैत्रापर्यंतच्या गाड्यांची नावं भिंतीवर खडूनं लिहिलेली असायची. ती भिंत मोकळी दिसली की आई काळजीत पडायची.

आणि या तिन्हींच्या मुळाशी एक गोष्ट: गाडीचं इंजिन त्यांनी कधी स्वतः बनवायचा हट्ट केला नाही. पूजो, जेएपी, मॅचलेस, फोर्ड, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, स्टँडर्ड, ट्रायम्फ, फियाट, रोव्हर, बीएमडब्ल्यू. ओतकाम, यंत्रं, संशोधन यांचा अवाढव्य खर्च दुसऱ्यांनी उचलला. मॉर्गननी आपल्याला जे येतं ते केलं: लाकूड, पत्रा, आणि पुढचा तो खिळा.

नवं करून पाहिलंच नाही असंही नाही. १९६३ मध्ये फायबरग्लासची बंद बॉडी असलेली प्लस ४ प्लस काढली. गिऱ्हाइकांना ती मॉर्गन वाटली नाही. २६ गाड्या झाल्या आणि थांबवली. नुकसान झेपेल एवढंच होतं, कारण उडी झेपेल एवढीच मारली होती.

४ मे

दोन्ही दारं टांगली! उजवं पहिल्याच दिवशी लागलं. डावं तीन वेळा उतरवलं, बिजागरीच्या मागे कागदाएवढी जाड लाकडी चकती घातली, मग लागलं. बोटानं ढकललं की ‘टक’ असा आवाज. संध्याकाळी जेवायला जायच्या आधी वीसेक वेळा उघडून लावलं असेल.

या आनंदात फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीची गोष्ट. १९६१ मध्ये चोवीस तासांच्या शर्यतीत मॉर्गनला तपासणीतच नाकारलं गेलं. दुसऱ्या वर्षी ख्रिस लॉरेन्स आणि रिचर्ड शेफर्ड-बॅरन प्लस ४ घेऊन गेले, नंबरपाटी टीओके २५८. चोवीस तास, सरासरी ताशी ९४ मैल. दोन लिटरच्या गटात पहिली. गाडी रस्त्यानं चालवत नेली होती आणि रस्त्यानंच चालवत परत आणली. ॲशचा सांगाडा, तोच सरकता खिळा. या शर्यतीनंतर दोनच वर्षांनी आपली गाडी तयार झाली.

लॉरेन्स यांनीच पुढे, उतारवयात, मॉर्गनच्या एरो ८ वर काम केलं. ती २००० मध्ये आली: चिकटवून जोडलेली ॲल्युमिनियमची चासी, बीएमडब्ल्यूचं व्ही८. सांगाडा तिच्यातही ॲशचा.

१८ मे

पत्र्याला जोडणाऱ्या कडांना औषध लावलं. दोन हात, मध्ये एक दिवस वाळवण.

अण्णांनी विचारलं होतं, बाकीच्यांचं काय झालं. यादी मोठी आहे, थोडीच नावं लिहितो. जीएन, मॉर्गनच्याच पिढीची, १९२०च्या दशकातच संपली. एचआरजीनं १९५६ मध्ये गाड्या करणं थांबवलं. वेल्समधली गिल्बर्न १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गेली, वेस्ट ब्रॉमिचची जेन्सन १९७६ मध्ये. ब्लॅकपूलच्या टीव्हीआरनं १९९०च्या दशकात स्वतःचं इंजिन बनवण्याचं मोठं धाडस केलं. २००६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. यातला कोणीही आळशी किंवा अडाणी नव्हता. जेन्सनच्या एका गाडीचं दार मी एकदा दुरुस्त केलंय, काम अव्वल होतं.

मॉर्गनलाही अडचणी आल्याच. १९५०-६० मध्ये बहुतांश गाड्या अमेरिकेला जायच्या. तिथे सुरक्षेचे आणि धुराचे कडक नियम आले आणि ती वाट आक्रसली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विक्रेत्यानं तर गाड्या प्रोपेन गॅसवर करून नियमांत बसवल्या. पीटर मॉर्गन २००३ मध्ये गेले. २०१३ मध्ये चार्ल्स यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केलं गेलं, आणि २०१९ मध्ये इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या युरोपीय गुंतवणूक कंपनीनं बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. घरच्यांकडे थोडा वाटा राहिला. तीन पिढ्यांचं नाही म्हणणं तिथे संपलं.

हे अण्णांना कसं सांगावं यावर दोन दिवस विचार केला. मग जसं आहे तसं लिहिलं. त्यांचं उत्तर: “शंभर वर्षं झाली ना. कारागिरांना काढलं का, ते सांग.” मी सांगितलं की सुतारशाळा चालू आहे, एप्रिलमध्ये तुम्ही पाहिलीत तीच.

१ जून

सांगाडा पूर्ण. नवं लाकूड आणि जुनं शेजारी शेजारी बसलंय. नवं पिवळसर पांढरं, जुनं मधासारखं. एकूण एकवीस तुकडे बदलले, नऊ मूळचे ठेवले. पेन्सिलीचा नंबर असलेली फळी जागेवर आहे. तिच्या शेजारच्या नव्या तुकड्यावर मीही पेन्सिलीनंच तोच नंबर आणि आजची तारीख लिहिली.

मालक दुपारी आले. डावं दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग आत लाकडी फळीवरच बसले, सीट नसताना. गिअरचा दांडा या गाडीत डॅशबोर्डमधून बाहेर येतो, ओढायचा-ढकलायचा. तो अजून खोक्यात आहे, पण त्यांचा हात आपोआप तिथे गेला.

संध्याकाळी अण्णांना व्हिडिओवर सगळीकडून फिरवून दाखवलं. त्यांनी कमानीवर बोटानं टिचकी मारायला सांगितली. मारली. “परत.” परत मारली. “डावीकडची?” तीही मारली. मग म्हणाले, चांगली बसलीय.

उरलेल्या ॲशमधून हातभर तुकडा त्यांनी मागितलाय, वाकसाला दांडा करायला. माझी भाची ऑगस्टमध्ये कराडला जाणार आहे. १७ टक्क्यांची ती फळी आता १२ वर आलीय, तिच्यातूनच कापला. रेष अगदी सरळ आहे. उद्या घासून तेल लावीन, मंगळवारी पत्र्याचं काम सुरू.